लिटर कुणी मोजायचे?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)



माझं गाव वडीगोद्री. जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात, धुळे-सोलापूर हमरस्त्यावर. शहागडला गोदावरी ओलांडली की पलीकडे बीड जिल्हा. मी कवितेचा माणूस. कारखानदारी आणि हिशोबतपासणी हा काही माझा प्रांत नव्हे. पण मात्रा मोजायची सवय लागलेल्या माणसाला कुठं काय कमी पडतंय, हे जरा लवकर खटकतं. आज मी मात्रांऐवजी लिटर मोजणार आहे. विषय आहे थंड पेयं बनवणाऱ्या बहुराष्ट्रीय कंपन्या, त्यांच्यामुळे पाण्याचं होणारं नुकसान, आणि ज्याला हल्ली 'सामाजिक उत्तरदायित्व' म्हणतात ती गोष्ट.

तुम्ही म्हणाल, वडीगोद्रीत कुठं आलाय कोका-कोलाचा कारखाना? नाहीच आला. पण फाट्यावरच्या टपऱ्यांत लाल नाही तर निळं फ्रीज उभं असतं. मे महिन्यात टँकरची वाट बघत घागरींची रांग लागते, तेव्हाही त्या फ्रीजमधल्या बाटल्या संपल्या असं मी कधी पाहिलेलं नाही. गावात पाणी नाही आणि बाटलीत आहे, म्हणजे ते कुठून तरी आलेलं आहे. कुठून, एवढंच मला विचारायचं आहे.

आधी आमच्या धरणाची गोष्ट. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली. १९७६ साली ते पुरं झालं. जलाशयाला नाव दिलं नाथसागर. त्याचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा. आमच्याकडच्या माणसाचं वर्षाचं गणित या कालव्याच्या आवर्तनावर चालतं. पाणी सुटलं की मोबाइलवर पहिली बातमी तीच, आणि टेलला पोचलं की नाही यावर पारावरची भांडणं. याच नाथसागरातून औरंगाबाद शहराला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला पाणी जातं, आणि तिथल्या औद्योगिक वसाहतींनाही. त्या वसाहतींत बीअर आणि मद्य बनवणारे मोठमोठे कारखाने आहेत. काहींची मालकी साता समुद्रापलीकडची. म्हणजे आमची मोसंबी आणि त्यांची बीअर एकाच रांजणातून पाणी पितात. रांजण भरलेला असतो तोवर कुणी कुणाकडे बघत नाही.

२०१२-१३ साली तो रिकामा झाला. त्या दुष्काळात जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. ज्यांना परवडलं त्यांनी टँकरचं पाणी विकत घेऊन झाडं जगवली. बाकीच्यांनी कुऱ्हाड लावली. मोसंबीचं झाड लावल्यावर फळाला यायला चार-पाच वर्षं जातात. त्यामुळे बाग तोडणं म्हणजे पोराला शाळेतून काढण्यासारखं असतं, पुढची कितीतरी वर्षं त्यात जातात.

मग आला २०१६ चा उन्हाळा. जायकवाडीतला उपयुक्त साठा संपला होता, मृतसाठ्यातून उपसा चालू होता. १२ एप्रिलला मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर, एकूण पाच लाख लिटर. स्टेशनवर लोक गाडी बघायला जमले होते. हा पाच लाखांचा आकडा लक्षात ठेवा, तो आपल्याला पुन्हा लागणार आहे.

त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे प्रश्न आला: माणसांना प्यायला पाणी नाही, तर दारू आणि बीअरच्या कारखान्यांना किती द्यायचं? न्यायालयानं पावसाळा लागेपर्यंत त्यांच्या पाण्यात टप्प्याटप्प्यानं ६० टक्क्यांपर्यंत कपात करायला सांगितलं, आणि इतर उद्योगांच्या पाण्यात २५ टक्क्यांपर्यंत. उद्योजकांचं म्हणणं होतं की धरणाच्या एकूण पाण्यात आमचा वाटा अगदी थोडा आहे. ते खोटं नव्हतं. पण भरल्या धरणातला थोडा वाटा आणि तळ दिसणाऱ्या धरणातला थोडा वाटा, हे दोन वेगळे वाटे असतात. घरात ज्वारीचं पोतं असताना एक मूठ देणं आणि शेवटची मूठ देणं यातला फरक कुठल्याही आईला विचारा.

यातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. कपात न्यायालयाला करावी लागली. सामाजिक उत्तरदायित्वाची पानंच्या पानं छापणाऱ्या कंपन्यांपैकी एकीनंही आधी पुढं येऊन 'या दोन महिन्यांत आम्ही नळ निम्मा करतो' असं सांगितल्याचं माझ्या तरी वाचनात आलं नाही.

आता आपण मराठवाड्यातून केरळात जाऊ, कारण शीतपेयाचा कारखाना आणि गावाचं पाणी यांचा खटला देशात सगळ्यात ठळकपणे तिथं उभा राहिला. पालक्काड जिल्हा, पेरुमट्टी पंचायत, प्लाचिमाडा हे गाव. तिथं मार्च २००० मध्ये कोका-कोलाचा कारखाना सुरू झाला. दोन वर्षांत आजूबाजूच्या विहिरींचं पाणी खाली गेलं आणि जे उरलं त्याची चव बदलली. भात शिजेना, अंग खाजू लागलं, अशा तक्रारी बायका करू लागल्या. २२ एप्रिल २००२ रोजी कारखान्याच्या दारासमोर धरणं सुरू झालं. त्यात पुढं होती मयिलम्मा नावाची आदिवासी बाई. तिचं भांडण साधं होतं. माझ्या दारातली विहीर कुणी बिघडवली, ते सांगा.

या कारखान्यातून निघणारा गाळ आसपासच्या शेतकऱ्यांना खत म्हणून दिला जात होता. २००३ च्या जुलैमध्ये बीबीसी रेडिओच्या एका कार्यक्रमानं त्या गाळाची प्रयोगशाळेत तपासणी करवली. त्यात शिसं आणि कॅडमियम हे विषारी धातू सापडले. पुढं केरळच्या प्रदूषण नियंत्रण मंडळालाही कॅडमियम आढळलं आणि गाळ वाटणं थांबवावं लागलं. रेडिओवर बोलताना मला या गोष्टीचं अप्रूप वाटतं. एका रेडिओच्या कार्यक्रमानं एका आदिवासी पाड्याची तक्रार जगाच्या कानावर घातली. पण त्याहून मोठी गोष्ट ही की ज्याला 'शेतकऱ्यांना मदत' म्हणायचं, तेच विष निघालं.

पंचायतीनं परवान्याचं नूतनीकरण नाकारलं. प्रकरण केरळ उच्च न्यायालयात गेलं. १६ डिसेंबर २००३ रोजी न्यायमूर्ती के. बालकृष्णन नायर यांनी निकाल दिला. भूजल ही लोकांची ठेव आहे, सरकार तिचं विश्वस्त आहे, जमीन आपल्या नावावर आहे म्हणून कुणाला तिच्याखालचं पाणी हवं तितकं उपसता येणार नाही, असा त्याचा आशय. मार्च २००४ मध्ये कारखाना बंद पडला. पण एप्रिल २००५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठानं वेगळा निर्णय दिला. पाऊस नेहमीसारखा झाला तर कंपनीला दिवसाला पाच लाख लिटर भूजल काढता येईल, असं ठरवलं.

पाच लाख लिटर. लातूरला पहिल्या रेल्वेनं आलं तेवढंच. चार लाखांच्या आसपास वस्तीच्या शहरासाठी जी गाडी बातमी झाली, ती एका कारखान्याच्या एका दिवसाची तहान आहे. आणि त्यासाठी गाडी लागत नाही, गर्दी जमत नाही, फोटो निघत नाही. जमिनीखालून पाणी निघतं तेव्हा आवाज फक्त मोटारीचा येतो.

प्लाचिमाडाचा तो कारखाना मात्र पुन्हा चालू झाला नाही. २०१० साली केरळ सरकारनं नेमलेल्या उच्चाधिकार समितीनं शेती, आरोग्य आणि पाण्याचं नुकसान २१६ कोटी २६ लाख रुपये इतकं धरलं. ते वसूल करण्यासाठी न्यायाधिकरण नेमायचं विधेयक केरळच्या विधानसभेनं २०११ मध्ये मंजूर केलं. ते दिल्लीला गेलं आणि काही वर्षांनी राष्ट्रपतींच्या मंजुरीविना परत आलं. मयिलम्मा तर २००७ मध्येच वारली होती.

याच काळातली आणखी एक आठवण. ऑगस्ट २००३ मध्ये दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्रानं शीतपेयांच्या बाटल्यांत कीटकनाशकांचे अंश सापडल्याचं जाहीर केलं. लगेच गदारोळ झाला. त्याच महिन्यात शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती नेमली गेली, आणि फेब्रुवारी २००४ मध्ये तिनं केंद्राचे निष्कर्ष बरोबर असल्याचं सांगितलं. चांगलंच झालं. पण प्लाचिमाडाच्या बायका तेव्हा वर्षाहून अधिक काळ रस्त्यावर बसलेल्या होत्या. बाटली पिणाऱ्याच्या पोटात विष जाईल म्हटल्यावर संसद हलली. विहिरीत विष गेलं तेव्हा पंचायतीला एकटीलाच लढावं लागलं. आणि बाटलीतलं कीटकनाशक आलं कुठून? शेतात फवारलेलं औषध जमिनीत मुरलं, भूजलात उतरलं, तिथून बाटलीत. म्हणजे बाटली आणि विहीर यांचं पाणी एकच. बातमी मात्र वेगवेगळी.

एवढं सगळं झाल्यावर कंपन्या बदलल्या नाहीत, असं मी म्हणणार नाही. २००७ च्या जूनमध्ये बीजिंग इथं कोका-कोलाच्या अध्यक्षांनी जाहीर केलं की आमची पेयं आणि त्यांचं उत्पादन यासाठी वापरलेला पाण्याचा थेंब न् थेंब आम्ही निसर्गाला परत करू. २०१५ मध्ये कंपनीनं ते उद्दिष्ट मुदतीआधीच गाठल्याचं सांगितलं. कारखान्यातली बचतही खरी आहे. २००४ मध्ये एक लिटर पेयासाठी सरासरी २.७ लिटर पाणी लागत होतं, ते आता दोन लिटरच्या आत आलं आहे. ठिकठिकाणी बंधारे बांधले, तळी खोदली, गावांत शुद्ध पाण्याची यंत्रं बसवली. या कामांना मी नावं ठेवणार नाही. बंधारा कुणीही बांधो, त्यात साचलेलं पाणी जनावर पितंच.

पण 'परत करू' म्हणजे कुठं परत? तुम्ही माझ्या विहिरीतलं पाणी घेतलंत आणि चार जिल्हे पलीकडे तळं भरलंत, तर तुमच्या वहीत जमाखर्च जुळतो, माझ्या विहिरीत जुळत नाही. राजस्थानात जयपूरजवळ काळाडेरा नावाचं गाव आहे. तिथंही कोका-कोलाचा कारखाना होता आणि भूजल खोल जात होतं. कंपनीच्याच खर्चानं टेरी या संस्थेनं पाहणी केली. जानेवारी २००८ च्या अहवालात टेरीनं स्पष्ट लिहिलं की हा कारखाना इथल्या पाणीटंचाईत भर घालत राहील. दुसरीकडून पाणी आणा, कारखाना हलवा, नाहीतर बंद करा, असे पर्याय सुचवले. कंपनी पाण्याचा विचार करते तो मुख्यतः आपला धंदा चालू राहावा म्हणून, गावाची टंचाई त्या विचारात फारशी येत नाही, असंही त्या अहवालातून दिसलं. काळाडेरातलं उत्पादन थांबलं ते २०१६ मध्ये. अहवालानंतर आठ वर्षांनी.

श्रोतेहो, इथपर्यंत आपण कारखान्याच्या भिंतीच्या आतलं पाणी मोजलं. आता भिंतीबाहेर या, म्हणजे पुन्हा आमच्या अंबड तालुक्यात.

थंड पेयाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत तीस ग्रॅमच्या वर साखर असते. ती साखर कुठून तरी येते. २०१० मध्ये कोका-कोला आणि एका पर्यावरण संस्थेनं मिळून अभ्यास केला. युरोपात बीटाच्या साखरेपासून बनणाऱ्या अर्ध्या लिटरच्या बाटलीमागं एकूण ३५ लिटर पाणी लागतं असं त्यात निघालं, आणि त्यातला बहुतेक भाग साखरेच्या शेतात जातो. कारखान्यात लागणारं पाणी त्यापुढं अगदीच किरकोळ. आपल्याकडची साखर तर उसाची. महाराष्ट्रात लागवडीखालच्या जमिनीत उसाचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास, पण सिंचनाचं जवळपास ७० टक्के पाणी तो पितो, असं केंद्राच्या कृषी मूल्य आयोगानं नोंदवलेलं आहे. आमच्या पंचक्रोशीतही अंकुशनगरला साखर कारखाना आहे, कालव्याच्या कडेनं ऊस आहे. शेतकऱ्याला मी दोष देत नाही. ज्या पिकाला ठरलेला भाव आणि ठरलेलं गिऱ्हाईक आहे, तेच तो लावणार. पण कुठल्या कारखान्याची साखर कुठल्या बाटलीत गेली, हे बाटलीवर लिहिलेलं नसतं. त्यामुळे त्या पाण्याची नोंद कुणाच्याच वहीत होत नाही.

आणि नोंद फक्त पाण्याचीच राहते असं नाही. शहागडचा पूल ओलांडला की बीड जिल्हा, ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दिवाळी झाली की गाड्या भरून माणसं निघतात. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली बीडमधल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांची पाहणी केली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. दिवसाचा खाडा परवडत नाही, फडात आडोसा नाही, दवाखाना महाग. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतल्या न्यूयॉर्क टाइम्सनं याच बायकांची हकिगत छापली, आणि महाराष्ट्रातली ही साखर कोका-कोला आणि पेप्सीसारख्या कंपन्यांच्या पुरवठ्यात जाते असं मांडलं. आमच्या नदीपलीकडची गोष्ट आम्हाला न्यूयॉर्कहून फिरून कळावी, यात कंपनीइतकाच आपल्या सगळ्यांच्या कानांचा प्रश्न आहे.

आता उत्तरदायित्वाचा कायदा बघू. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमानुसार मोठ्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजासाठी खर्च करायची असते. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. शाळा, दवाखाने, पाणी, झाडं, अशी कामं त्यातून होतात. कायदा चांगला आहे. पण तो नफा वाटायचा कसा हे सांगतो. तो नफा कमावताना किती पाणी उपसलं, सांडपाणी कुठं सोडलं, साखर कुणाच्या हातानं तोडली, हे त्या दोन टक्क्यांत येत नाही. उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांची जबाबदारी दोन टक्क्यांनी फिटत नसते.

आमच्या भागात पाणी देण्याची रीत जुनी आहे. चैत्रात पाणपोई लागते. मोहरममध्ये आमच्याकडे सबील लावतात. लहानपणी सबीलवर उभं राहून पेले भरायचं काम आम्हा पोरांकडे असायचं. दादीची सक्त ताकीद होती, पाणी पाजताना समोरच्याचं नाव विचारायचं नाही आणि आपलंही सांगायचं नाही. आता पाणपोईपेक्षा तिच्यावरचा फलक मोठा असतो. आणि पैठण तर एकनाथांचं गाव. काशीहून कष्टानं आणलेलं कावडीतलं गंगेचं पाणी नाथांनी वाटेत तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं, ही कथा आमच्या भागात हिंदू-मुसलमान सगळ्यांच्या घरी सांगितली जाते. त्या कथेत एक बारकी गोष्ट आहे. नाथांनी पाजलं ते स्वतःच्या कावडीतलं. गाढवाच्याच डबक्यातलं ओंजळभर पाणी काढून त्यालाच पाजलं असतं, तर त्याची कथा झाली नसती.

मी कारखान्यांच्या विरोधात नाही. आमच्या गावची कितीतरी पोरं वाळूजला कामाला आहेत, त्यांच्या पगारावर इथली घरं उभी राहिली. उद्या आमच्या रस्त्यालगतही एखादा पेयांचा कारखाना येऊ शकतो. २०२३ च्या अखेरीस रत्नागिरी जिल्ह्यात लोटे परशुरामला कोका-कोलाच्या अशाच नव्या कारखान्याची पायाभरणी झाली. कोकणात पाऊस धो धो पडतो, आमच्याकडं ढग वळून जातात. म्हणून कारखाना कुठंही आला तरी तिथल्या ग्रामसभेनं परवानगीच्या आधी चार गोष्टी लेखी मागाव्यात. रोज किती लिटर, कुठल्या विहिरीतून, बोअरमधून की धरणातून? फेब्रुवारी ते जून या महिन्यांत त्यातलं किती कमी करणार? सांडपाणी आणि गाळ कुठं जाणार, आणि तो तपासणार कोण? आणि शेवटचं, पाण्याचं मीटर कुठं बसवणार? ते कारखान्याच्या आत नको. पंचायतीच्या भिंतीवर आकडा रोज खडूनं लिहा, म्हणजे शाळेत जाणारी पोरगीही तो वाचेल आणि घरी जाऊन विहिरीत डोकावेल.

हे प्रश्न मे महिन्यात विचारून उपयोग नाही. तेव्हा माणूस टँकरच्या मागं पळत असतो, भांडायला त्याच्या घशात ओल नसते. ते श्रावणात विचारावेत, धरण भरत असताना.